मदत हवी आहे: व्हीएमसी ऑपरेटर आहे, प्रोग्रॅमिंगचं कुठलं सर्टिफिकेट करू?

नमस्कार मंडळी,

वय २५, गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडे. दहावी मराठी माध्यमातून, मग आयटीआय मशिनिस्ट, आता चौथं वर्ष बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर. बहीण बी.कॉम.ला आहे, तिची फी मीच भरतो. हे आधीच सांगतो, म्हणजे ‘इंजिनिअरिंग कर’ असं कोणी सुचवणार नाही. व्हीटीयू या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या फाट्यावरून बस रोज जाते, पण आपला स्टॉप पुढचा.

हे खूळ कुठून शिरलं ते सांगतो. एका फ्लँजला, म्हणजे जोडणीच्या गोल चकतीला, १८० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आठ होल मारायचे होते. दरवेळी आठ पोझिशन टाइप करायचा कंटाळा आला म्हणून मॅन्युअल वाचून मॅक्रो, म्हणजे मशीनचा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. हॅश १०१ या आकडा साठवायच्या जागेत होलचा नंबर, त्याला ४५ ने गुणून कोन, आणि आठ होईपर्यंत तेच परत करायला व्हाइल. पहिला होल मस्त पडला. मग ड्रिल वर आलं आणि परत त्याच होलात गेलं. परत वर, परत तिथंच. तिसऱ्यांदा मशीन थांबवायचं फीड होल्ड बटण दाबलं. मागून सुपरवायझर, ‘काय करूलालास मर्दा, एकच होल किती वेळा मारूलालास?’ हॅश १०१ मध्ये एक वाढवायची ओळच मी लिहिली नव्हती. ती घातली आणि आठही होल बरोबर बसले. त्या दिवशी डबासुद्धा उशिरा खाल्ला.

पुढे मोबाइलवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा टाकली. तिथंही पहिल्याच व्हाइलमध्ये तीच चूक, स्क्रीन शून्यांनी भरली. एकटाच हसत बसलो. अंगठ्याने स्पेस मोजत कोड लिहिणं म्हणजे शिक्षा आहे, ते सोडा.

आता मुद्दा. शहरातला एक क्लास फुल स्टॅकचं, म्हणजे अख्खी वेबसाइट बनवायचं, सर्टिफिकेट देतो. सहा महिने, ६५ हजार, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. रविवारच्या आत ५ हजार भरले तर १० हजार सूट, बाकी बिनव्याजी हप्ते. माझ्या हातात महिना १७ हजार येतात. शिफ्ट बदलत असते, त्यामुळे आठवड्याला सहा-सात तासच मिळतात. हे सर्टिफिकेट बघून खरंच कोणी नोकरी देतं का? नसेल तर दुसरं कुठलं करू?

बंगळुरातला बेळगावकर:
भावा, पहिल्यांदा तो रविवार विसर. प्लेसमेंट नाही झाली तर किती पैसे, किती दिवसांत परत, हे कागदावर मागून बघ. आणि असा बिनव्याजी हप्ता बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुझ्या नावावर. क्लास सोडलास तरी हप्ता सुटत नाही.

मी आमच्याकडे मुलाखती घेतो. सर्टिफिकेटवर नजर टाकतो आणि एक यादी देऊन त्यात दोनदा आलेले आकडे काढायला सांगतो. खरी गंमत तिथून पुढे असते. तुझ्या जागी असतो तर एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, ‘जॉय ऑफ कंप्युटिंग युजिंग पायथन’ घेतला असता. आयआयटी रोपरचे सुदर्शन अय्यंगार शिकवतात, १२ आठवडे, शिकणं फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तरच १ हजार भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. २५ गुण असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात. माधवन मुकुंद यांचा डेटा स्ट्रक्चर्सचा, म्हणजे माहिती रचून ठेवायच्या पद्धतींचा, कोर्स त्यानंतर घे. आधी घेतलास तर दमशील.

आणि मशीनवरचं डोकं वाया घालवू नको. फॅनक कंपनीच्या मशीन कंट्रोलरमधला डेटा बाहेर काढायला फोकास म्हणून तयार कोडची लायब्ररी असते. कुठलं मशीन किती वेळ थांबलं, कुठला टूल किती जॉबनंतर बदलला, एवढं जरी पायथनने मांडून दाखवलंस तरी मी तुला बसवून बोलेन. वेबसाइट करणारी पोरं इथं मोप आहेत. स्पिंडल लोड कशाशी खातात हे त्यांना माहीत नाही.

निपाणीची मास्तरीण:
वरच्यांचं अर्धं पटलं. बाळ, त्यांच्यापुढे बसायच्या आधी अर्ज चाळणारे असतात, आणि ते कागदच बघतात. तुझ्याकडे बारावीही नाही. म्हणून नायलिटचा ओ लेव्हल बघ. केंद्र सरकारची संस्था आहे आणि दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना हा कोर्स चालतो. चार पेपर: आयटी टूल्स, वेब डिझायनिंग, पायथन आणि आयओटी, म्हणजे इंटरनेटला जोडलेली उपकरणं. परीक्षा जानेवारी आणि जुलैत. परत आयटीआयला जाऊन कोपा हा कॉम्प्युटरचा ट्रेड करायचं मनात आणू नको. वर्षभर दिवसा हजेरी लावशील तर शिफ्ट कोण करणार?

इंग्रजीची धास्ती असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सी आणि जावाचे धडे मराठीत ऐकायला मिळतात, कन्नडमध्येही आहेत. पण एरर मराठीत येत नाही हो. तो पूर्ण वाचायची सवय लाव. माझी मुलं लाल अक्षरं दिसली की पान बंद करतात.

धागाकर्ता:
दादा, मॅडम, मनापासून आभार. शनिवारी सेकंड शिफ्टच्या आधी क्लासला जाऊन आलो. लिहून द्या म्हटलं, तर ‘सर आले की बोलतो’ म्हणाले. तासभर बसलो, सर आले नाहीत, माझी बस मात्र आली. ५ हजार खिशातच आहेत. एनपीटीईएलला नाव घातलंय, ओ लेव्हलचं जुलैसाठी बघतो.

त्या ५ हजारांत थोडे घालून सेकंडहँड लॅपटॉप घेईन म्हणतो. चार जीबी रॅम पुरेल का?

बंगळुरातला बेळगावकर:
पायथन शिकायला पुरेल. आठचा मिळाला तर आठचा घे, पण हार्ड डिस्कवाला नको, एसएसडी बघ. आणि घेताना चार्जर काढून अर्धा तास चालवून बघ, दुकानदार काहीही म्हणू दे.