स्कुबाची पंधरा वर्षांची यादी: क्रम कौशल्याने लावायचा की घाईने?

खोलपाणी

पंधरा वर्षांत कुठे कुठे स्कुबा करायचं याच्या बहुतेकांच्या यादीत पहिलं नाव गॅलापागोस (इक्वेडोरची बेटं), दुसरं इंडोनेशियातलं राजा अंपात, आणि गाठीला काय, तर मालवणात प्रशिक्षकाने मागून टाकी धरून फिरवलेली वीस मिनिटं. आधी कळस मग पाया! यादी ठिकाणाच्या नावावरून लावू नये, ते पाणी तुमच्याकडून काय मागतं त्यावरून लावावी.

पहिली दोन वर्षं ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचा पहिला परवाना (मर्यादा १८ मीटर), अंदमानात हॅवलॉकला किंवा कर्नाटकात नेत्राणी बेटाला. पाठोपाठ ॲडव्हान्स्ड या पुढच्या परवान्याला (३० मीटर) धावू नका. आधी पंधरा-वीस डाइव्ह नुसत्या बॉयन्सीवर, म्हणजे पाण्यात वरखाली न होता तरंगण्यावर, घालवा. चाचणी सोपी आहे: डाइव्हच्या शेवटी टाकीत ५० बार दाबाची हवा उरलेली असताना ५ मीटरवर, बीसीडी (हवा भरायचं जाकीट) रिकामं ठेवून, पाय न मारता तीन मिनिटं थांबायचं. खाली जात असाल तर वजन जास्त, वर येत असाल तर कमी. ही चाचणी सुरुवातीला करून उपयोग नाही, कारण ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होताना साधारण दोन किलोंनी हलकी होते. नवशिक्यांच्या पट्ट्यात सहसा दोन-तीन किलो शिसं उगाच असतं. मग ते सावरायला बीसीडीत हवा, आडव्याऐवजी तिरकं पोहणं, आणि त्यात श्वास उधळला जातो.

हिशेब बघा. ११.१ लिटरची टाकी, २०० पासून ५० बारपर्यंत १५० बार वापरायचे, म्हणजे १,६६५ लिटर हवा. २० मीटरवर दाब ३ बार. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला तिथे ६० लागतात, त्याची २७-२८ मिनिटांत संपते. १४ लिटरवाल्याला ४० मिनिटं मिळतात. आणि गटात ज्याची हवा आधी संपते, तो बहुतेक वेळा सगळ्यांना वर आणतो.

तिसऱ्या ते सहाव्या वर्षी मालदीव आणि बालीतलं तुलांबेन. तिथलं बुडालेलं लिबर्टी जहाज किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरून गाठता येतं, ५ ते ३० मीटरमध्ये पसरलंय. याच काळात नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनच्या हवेचा) कोर्स करून टाका. मग इंडोनेशियातलं कोमोडो आणि तांबडा समुद्र. गॅलापागोस, कोस्टा रिकाचं कोकोस बेट अगदी शेवटी.

पांढरंप्रवाळ

कागदावर छान आहे, पण समुद्राला तुमचं वेळापत्रक कुणी कळवलंय? १९९८, २०१०, २०१६ या तिन्ही वर्षांच्या उष्णतेने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची (प्रवाळ पांढरे पडण्याची) घोषणा झाली आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीप पुन्हा भाजून निघालं. दोन तडाख्यांमधलं अंतर कमी होत गेलं की फांद्यांच्या प्रवाळाला परत वाढायला सवडच मिळत नाही. सहाव्या वर्षी मालदीवला गेलात तर मासे दिसतील, खाली मात्र चुऱ्याचा ढीग असू शकेल.

आणि तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. सगळ्यात आधी मरतं ते ५ ते १२ मीटरमधलं, म्हणजे नेमकं ओपन वॉटरवाल्याला झेपणारं. लक्षद्वीपची कदमत, बंगाराम, मालदीवची आतली रीफ, राजा अंपातमध्ये आर्बोरेक बेटाचा धक्का: यांतल्या कशाला शंभर डाइव्हचा अनुभव लागतो? ती पहिल्या चार वर्षांत उरका. बुडालेली जहाजं थांबतील. गंजतात तीही, पण १९४१ साली तांबड्या समुद्रात बुडालेलं थिसलगॉर्म अजून मोटारसायकलींसकट बघता येतं.

देवबागकर

तुम्हा दोघांचं भांडण क्रमावरून चाललंय. माझा आक्षेप यादीवरच आहे.

पंधरा वर्षांत बारा ठिकाणं म्हणजे सव्वा वर्षाला एक सहल आणि मध्ये वर्षभराहून जास्त कोरडं. प्रत्येक वेळी पहिल्या दोन डाइव्ह मास्कमधलं पाणी काढणं, कान मोकळे करणं आणि वजन जमवणं यातच जाणार. चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस हा असा. त्यापेक्षा ऑक्टोबर ते मेमध्ये वर्षाला दोनदा नेत्राणी करा. मुरुडेश्वर कोकण रेल्वेवर आहे, बेट किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर. दोन दिवसांत चार डाइव्ह, विमानभाडं शून्य. एकच जागा वेगवेगळ्या महिन्यांत पाहिली की प्रवाह कधी कुठून येतो ते अंगात मुरतं.

मालवण-गोव्याचं पाणी गढूळ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना एकच सांगतो: चार-पाच मीटरच्या पुढचं दिसत नसेल तेव्हा होकायंत्र वापरणं आणि जोडीदाराजवळ राहणं आपोआप शिकता. तीस मीटर दिसणाऱ्या पाण्यात ते शिकायची गरजच वाटत नाही.

आणखी एक. आंग्रिया बँक हे समुद्राखालचं प्रवाळाचं पठार यादीत लिहिणारे दर महिन्याला कुणीतरी उगवतात. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत, माथाच वीसेक मीटर खोल, आजूबाजूला उघडा समुद्र. तिकीट काढून जावं अशी नियमित बोट नाही. नाव कान्होजींचं आहे म्हणून ते सोपं होत नाही.

खोलपाणी

@पांढरंप्रवाळ, आर्बोरेकचा धक्का मान्य. पण राजा अंपातला जाऊन कोण धक्क्यावर थांबतं? दुसऱ्या दिवशी तिथल्याच केप क्रीला नेतात, तिथे खडकाला हूक लावून प्रवाहात लटकायचं असतं. कोमोडोत तर खाली ओढणारा प्रवाह भेटतो. ओळखायची खूण म्हणजे तुमचेच बुडबुडे वर न जाता खाली किंवा आडवे जायला लागतात. तेव्हा सरळ वर पाय मारून दमायचं नाही. खडक हाताशी असेल तर धरून चढायचं, नाहीतर भिंतीपासून दूर आडवं पोहायचं, लागलीच तर बीसीडीत थोडी हवा. आणि प्रवाह सुटताक्षणी ती काढायची. शेवटचं विसरलं की माणूस बुचासारखा वर उडतो. ज्याचा हात इन्फ्लेटरवर (बीसीडीत हवा भरायच्या-काढायच्या नळीवर) न बघता जात नाही, त्याला हे सुचणार नाही.

@देवबागकर, नेत्राणी पाया म्हणून उत्तम. पण हातोडी शार्कचे कळप तिथे येत नाहीत, राव.

चाळिशीपार

तिघेही धरून चाललाय की पंधरा वर्षांनी शरीर हेच असेल. गॅलापागोसमध्ये डार्विन आणि वुल्फ बेटांवर फक्त लाइव्हअबोर्डनेच (जिच्यावरच राहायचं अशा बोटीने) डाइव्ह होतात: छोट्या होडीतून पाठीमागे उलटी उडी, बीसीडी रिकामं करून थेट खाली, लाटेत होडीची शिडी चढणं, थंड थरात ७ मिलिमीटरचा सूट, आणि दिवसातून तीनदा हेच. ही पंचावन्नाव्या वर्षासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही. मऊ, उथळ, कोमट पाणी म्हातारपणी चालतं.

वैद्यकीय फॉर्मही लक्षात घ्या. पंचेचाळिशीनंतर जास्तीचे प्रश्न येतात, आणि त्यात रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलला ‘हो’ म्हटलंत की डॉक्टरची सही लागते. ती पुण्या-मुंबईतून घेऊन निघा. बोटीवर फॉर्म भरताना कळलं तर पैसे भरलेले आणि तुम्ही डेकवर.

पैशाचं म्हणाल तर दर तिसऱ्या वर्षी एकच मोठी सहल, मध्ये देशातलं पाणी. चांगल्या लाइव्हअबोर्डच्या जागा वर्ष-दीड वर्ष आधी भरतात. गॅलापागोसला अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आणि राष्ट्रीय उद्यानाचं परदेशी प्रवाशांचं शुल्क २०२४ पासून २०० डॉलर झालंय. विमा डाइव्हिंगचाच घ्या, साध्या प्रवास विम्यात दाबकक्षाचा (डाइव्हनंतरच्या आजारावर उपचार होतात त्या कक्षाचा) खर्च आणि तिथवर न्यायचा खर्च बहुधा नसतो. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला २४ तास ठेवा. अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास सांगतात, पण परतीचं तिकीट १८ तास मोजून काढणारे शेवटची डाइव्ह उशिरा सुटली की अडकतात.

पांढरंप्रवाळ

शरीराचा मुद्दा बरोबर. मग उथळ प्रवाळ आणि गॅलापागोस दोन्ही पुढे आणा, मागे जहाजं ढकला!

क्रमाच्या आधी सुट्ट्या बघा, कारण आपली सुट्टी समुद्राला सोयीची असतेच असं नाही. दिवाळी: तांबडा समुद्र उत्तम, राजा अंपातचा हंगाम नुकता सुरू. नाताळ: मालदीवचं पाणी छान, दर डोक्यावरून. मे महिना: कोमोडो चालतं. अंदमानात समुद्र शांत मिळू शकतो, पण पाणी सगळ्यात तापलेलं असतं आणि महिनाअखेर पाऊस दारात. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्च. ऑगस्ट-सप्टेंबर: बालीजवळ नुसा पेनिडाला मोला मोला हा प्रचंड मासा, डार्विन-वुल्फला व्हेल शार्क. मुलं शाळेत असलेल्या घरांना ही दोन ठिकाणं वर्षानुवर्षं जमत नाहीत, ती यादीत आपोआप मागे जातात.

आणि मालदीवमधल्या हानिफारूचे मांटा मासे स्कुबाच्या यादीतून खोडा. तिथे फक्त स्नॉर्केल (पृष्ठभागावर नळीने श्वास घेत पोहणं) चालतं.

देवबागकर

सामानाचं कुणी बोललंच नाही. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचे, बाकी भाड्याने. पहिल्या पाच वर्षांत रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र) विकत घेणारे तो कपाटात ठेवतात आणि दरवर्षी सर्व्हिसिंगचे पैसे भरतात. वर्षाला वीस डाइव्ह होणार नसतील तर परवडत नाही. घेतलाच तर डिन (टाकीला आट्यांनी बसणारा) घ्या आणि सोबत योक (वरून कसून बसणाऱ्या जोडाचा) अडॅप्टर ठेवा, आशियात बऱ्याच टाक्या योकच्या असतात.

खोलपाणी

ठीक. मालदीव आणि लक्षद्वीप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आणतो, जहाजं मागे. गॅलापागोस आठव्या वर्षाच्या आत, पण शंभर डाइव्हच्या अलीकडे नाही.

देवबागकर

शंभर हा आकडा फसवा आहे. मालदीवच्या कोमट पाण्यात गाइडच्या मागे मागे केलेल्या शंभर डाइव्ह गॅलापागोसला कामाच्या नाहीत. निघण्याआधी एवढं बघा: ५ मीटरवर तरंगत, एक मीटरही वरखाली न होता, सिग्नलचा फुगा वर सोडता येतो का? रिळाची दोरी कशात न अडकवता? हे नेत्राणीत जमत नसेल तर डार्विनला जमणार नाही, आणि तिथे होडी तुम्हाला त्या फुग्यावरूनच शोधते.