शब्दचर्चा: ऑटोकोलिमेटरला ‘कोनमापक’ म्हणावं का?

प्रश्न
यंत्रशाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी एक मराठी पुस्तिका करते आहे. ‘ऑटोकोलिमेटर’साठी मी ‘सूक्ष्म कोनमापक’ लिहिलं, तर एका सहकाऱ्याने लगेच हटकलं. कोनमापक म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे कंपासपेटीतली अर्धगोल पट्टीच येणार, हे त्याचं म्हणणं मला पटलं. ‘स्वसमांतरित्र’ असाही पर्याय सुचवला गेलाय, पण तो उच्चारतानाच दम लागतो. या यंत्रावर काम केलेलं कोणी असेल तर तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा.

टूलरूमवाला
ऑटोकोलिमेटरच म्हणतो. घाईत नुसतं कोलिमेटर.

पण ताई, खरी अडचण ‘कोना’ची आहे. कंपासपेटीतला कोनमापक दोन रेघांमधला कोन सांगतो. इथे दोन रेघा नाहीतच. समोर एक सपाट आरसा असतो आणि तो किती कलला, एवढंच हे यंत्र सांगतं. आत भिंगाच्या नाभीपाशी उजेडातली एक फुली असते. तिचे किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात, आरशावरून परततात आणि त्याच भिंगातून आत येऊन फुलीची प्रतिमा उमटवतात. आरसा किरणांना काटकोनात असेल तर प्रतिमा फुलीवरच बसते. जरा कलला की परतीचे किरण दुपटीने वळतात आणि प्रतिमा सरकते. नाभीय अंतर 500 मिमी धरलं तर 1 सेकंदाच्या कलाला हे सरकणं जेमतेम 4.85 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते मायक्रोमीटरने मोजायचं; नव्या यंत्रांत सेन्सर मोजतो. आरसा अर्ध्या मीटरवर असो की दोन मीटरवर, आकडा तोच येतो.

लेथचा बेड सरळ आहे का, हे आम्ही असंच बघतो. आरसा एका बैठकीवर बसवलेला, बैठकीच्या पायांत 100 मिमी अंतर. बैठक दर वेळी 100 मिमी पुढे सरकवायची आणि वाचन लिहायचं. 1 सेकंदाचा फरक म्हणजे एक पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मायक्रॉन वर किंवा खाली. हे फरक जोडत गेलं की बेडचा सगळा चढउतार कागदावर येतो. पंखा मात्र बंद हवा. किरणांच्या वाटेखाली नुसता तळहात धरला तरी गरम हवेने फुली थरथरायला लागते, नवीन पोरांना आम्ही हे पहिल्यांदा दाखवतो.

म्हणून माझं मत ‘कलमापक’.

मोजणीवाला
कलमापक नको. एक तर दहावीची कलचाचणी आठवते! दुसरं म्हणजे उताराचा कल मोजणारा क्लायनोमीटर वेगळा. तो क्षितिजसमांतर पातळीपासूनचा कल सांगतो, गवंड्याच्या पाणसळीचा शहाणा भाऊ म्हणा. ऑटोकोलिमेटरला पातळीशी देणंघेणं नाही, उभ्या भिंतीवरच्या आरशावरही तो चालतो.

आणि जमीनमोजणीच्या थिओडोलाइटलाही कोणी कोनमापक म्हणू नये. साइटवर त्याला सरळ ‘दुर्बीण’ म्हणतात: दुर्बीण लाव, दुर्बीण हलवू नकोस. तो दोन दूरच्या खुणांमधला कोन मोजतो, त्यामुळे ‘कोन’ हा शब्द त्याला निदान शोभतो तरी. लॅम्ब्टनने 1802 मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं तेव्हाचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. 1808 मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटून तो आपटला आणि त्याचं अंशांचं वर्तुळ वाकलं. (गादीवर तेव्हा आपले सरफोजीराजे.) पाचरी, स्क्रू नि कप्प्या लावून लॅम्ब्टनने ते पुन्हा गोल केलं.

पंचांगवाला
टूलरूमवाले ‘1 सेकंदाचा कल’ म्हणाले, तिथे मी अडखळलो. यंत्राच्या बाहेरचा वाचक ते घड्याळाचं सेकंद समजेल. मराठीत यासाठी विकला आहे की! 60 विकलांची कला, 60 कलांचा अंश. पंचांगात ग्रह अजूनही अंश-कला-विकलांतच दिलेले असतात. विकला किती बारीक? 1 किलोमीटरवर उभ्या धरलेल्या सुमारे 4.85 मिमीच्या तुकड्याएवढी.

फक्त विकला आणि विपळ यांची गल्लत नको. घटिका-पळं-विपळं ही कालाची मापं. आकाश एका घटिकेत 6 अंश फिरतं, एका पळात 6 कला, एका विपळात 6 विकला. जुन्या लोकांनी दोन्ही मापं साठसाठाच्या हिशेबात ठेवली, पण नावं मात्र वेगळी.

टूलरूमवाला
विकला गोड आहे, पण यंत्राच्या पडद्यावर आणि कॅलिब्रेशनच्या दाखल्यावर ‘सेकंद’ असतं. पोरगा तोंडी परीक्षेत ‘पाच विकला’ म्हणाला तर परीक्षक त्याच्याकडे बघतच राहतील.

एक वाचक
थोडं अवांतर. ‘कोलिमेट’ हा शब्दच मुळात चुकीच्या वाचनातून जन्मला. लॅटिनमध्ये ‘कोलिनेआरे’, म्हणजे एका रेषेत आणणं. सिसेरोच्या काही प्रतींत ते ‘कोलिमारे’ असं पडलं आणि लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या खगोलज्ञांनी तेच उचललं. तेव्हा ‘समांतरित्र’ हे भाषांतर म्हणून बरोबर की चूक, यावर फार डोकेफोड करू नये.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. मथळ्यात ‘ऑटोकोलिमेटर’च ठेवते. खाली एक ओळ: ‘आरशाचा अगदी बारीक कल परतलेल्या प्रकाशावरून मोजणारी दुर्बीण’. तक्त्यांत ‘सेकंद’, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘कोनाचं सेकंद, म्हणजे विकला’. ‘दुर्बीण’ला कोणाची हरकत?

मोजणीवाला
माझी नाही. आमच्या दुर्बिणीला भावंड मिळालं.

टूलरूमवाला
चालेल. फक्त त्या ओळीत ‘सपाट आरशाचा’ करा. अंतर्गोल लावून बसतील.