ज्येष्ठमध, जेष्ठमध, यष्टीमधु, मुलेठी: शब्द आणि वापर

(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांच्या भागाचं नाव दिलं आहे.)

घणसोली: वैद्यांच्या चिठ्ठीवर ‘यष्टीमधु भरड, फांट’ असं आहे. जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानात त्यालाच ‘जेठीमध’ म्हणाले, वाशीत घेतलेल्या पाकिटावर ‘मुलेठी’ छापलंय आणि घरात सगळे ज्येष्ठमध म्हणतात. वस्तू एकच ना? यात ‘ज्येष्ठ’ कुठून आला? आणि फांट म्हणजे काढाच का?

नौपाडा: वस्तू एकच. ज्येष्ठपणाशी तिचा काही संबंध नाही. मूळ शब्द यष्टीमधु. यष्टी म्हणजे काठी, मधु म्हणजे गोड. प्राकृतातून येताना शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो: यात्रा–जत्रा, यव–जव, यंत्र–जातं. ‘ष्ट’चा ठ होतो: मुष्टी–मूठ, दृष्टी–दीठ. म्हणून यष्टीची जेठी. गुजरातीत ती अजून तशीच आहे, तुमचे दुकानदार बहुधा गुजराती असावेत. मराठीत मात्र कुणाला तरी जेठी अशुद्ध वाटली आणि ‘शुद्ध’ करताना तिला ज्येष्ठ करून टाकलं. मुलेठी म्हणजे मूल (मुळी) + यष्टी. आपली लाठीसुद्धा याच यष्टीच्या घरातली.

लिहायचं कसं, तर ज्येष्ठमध. व्युत्पत्तीने चुकीचं असलं तरी रूढ तेच आहे. ‘जेष्ठमध’ मात्र ना इकडचं ना तिकडचं.

वाशी: घेताना नावापेक्षा कांडीकडे बघा. मसाला मार्केटमध्ये दोन प्रकार दिसतात, सालीसकट आणि सोललेली. सालीसकट कांडी बाहेरून तपकिरी, उभ्या सुरकुत्यांची असते. मोडली की आत पिवळी आणि तंतुमय दिसायला हवी. आतून करडी-काळपट असेल, कुबट वास येत असेल तर ठेवून द्या. तुकडा चावल्यावर गोडी लगेच लागते आणि बराच वेळ जिभेवर राहते. साल थोडी कडवट असते, म्हणून लहान मुलांसाठी सोललेली बरी. दळलेल्या पुडीत यातलं काहीच तपासता येत नाही, त्यामुळे कांडी आणून घरी कुटावी हे माझं मत.

अजून एक शब्द लक्षात ठेवा: ‘शिरा’. ज्येष्ठमधाचा शिरा म्हणजे मुळांचा अर्क आटवून केलेल्या काळ्या कांड्या किंवा वड्या. फारसी ‘शीरा’ म्हणजे रस, पाक. रव्याशी संबंध नाही! शिरा मुळापेक्षा कितीतरी तीव्र असतो. चिठ्ठीत भरड लिहिलेली असताना तेवढ्याच वजनाचा शिरा घेऊ नका.

कळवा: फांट आणि काढा एक नव्हेत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. काढा म्हणजे आटवलेला. आयुर्वेदाचे ग्रंथकार शार्ङ्गधर यांचं प्रमाण सोळा पट पाणी, उकळून आठवा हिस्सा उरवायचा. फांटासाठी चौपट कडकडीत पाणी वर ओतायचं आणि गाळायचं, उकळायचं नाही. ‘हिम’ हा तिसरा प्रकार, त्यासाठी सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं.

ग्रंथातलं हे प्रमाण फार दाट पडतं. खोकल्यासाठी घरगुती फांट करायचा तर 1.5 ग्रॅम भरड, 150 मिली उकळतं पाणी, वर झाकण, 10–15 मिनिटं, मग गाळून कोमट घ्यायचा. दिवसातून दोनदा, म्हणजे एकूण 3 ग्रॅम. चमच्याने मोजू नका, भरड जाड-बारीक असेल तसं चमच्यातलं वजन बदलतं.

भरड म्हणजे जवकूट, जवाच्या दाण्याएवढी. वस्त्रगाळ चूर्ण पाण्यात टाकलं तर गाळणी तुंबते आणि तळाशी चिखल राहतो. उलट अख्खी कांडी टाकली तर दहा मिनिटांत अर्धामुर्धाच अर्क उतरतो. ज्येष्ठमध खळाखळा उकळला की साबणासारखा फेस येऊन उतू जातो, कारण त्यातलं ग्लिसिरायझिन हे सॅपोनिन, म्हणजे फेस करणारं द्रव्य आहे. फार आटवला की गोडीमागे कडवटपणाही वर येतो.

घणसोली: गुटीत उगाळतात तेव्हा ‘दोन वेढे’ म्हणतात, ते किती? आणि गुंजेचं मूळही ज्येष्ठमधाऐवजी चालतं असं ऐकलंय.

नौपाडा: वेढा म्हणजे सहाणेवर कांडीचा एक पूर्ण फेरा, कुणी त्याला वळसा म्हणतात. हे वजन नव्हे. सहाण खरखरीत असली, कांडी भिजलेली असली की एका वेढ्यात जास्त उतरतं.

गुंजेचा पाला गोड असतो, विड्यात घालतात, घसा बसला की चघळतात. तिचं मूळ ज्येष्ठमधात मिसळलं जातं हेही खरं. पण ते वेगळं झाड आहे, आणि लाल-काळ्या बियांत अॅब्रिन हे जहाल विष असतं. घरात आणू नका.

बेलापूर: खोकल्याचे शब्दही नीट वापरा, त्यावर औषध ठरतं. ‘ढास’ म्हणजे घशात खवखवून येणारी कोरडी उबळ. तिथे ज्येष्ठमधाचा उपयोग आहे, घशाला लेप बसतो आणि खवखव कमी होते. ‘कफ सुटत नाही’ ही दुसरी तक्रार, आणि ‘दम लागतो’ किंवा ‘धाप लागते’ ही तिसरी. दम्याच्या माणसाने ज्येष्ठमधाच्या भरवशावर इन्हेलर सोडू नये. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर सरळ दवाखाना गाठावा.

दम्यासाठी परंपरेत जे मूळ येतं ते भारंगमूळ. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडून ठाण्याच्या बाजारात भारंगीची भाजी येते, त्याच झुडपाचं. भाजी कोवळ्या पानांची, औषध मुळाचं, म्हणून भाजी खाल्ली म्हणजे औषध झालं असं नाही. हे मूळ लाकडासारखं टणक, त्याचा फांट निरुपयोगी. 10 ग्रॅम भरडीला 160 मिली पाणी घालून 20 मिली उरवायचं, तेही वैद्यांना विचारून. विकत घेताना त्यात खोडाचे तुकडे मिसळलेले नाहीत ना, तेवढं बघा.

कळवा: राहिलेली महत्त्वाची गोष्ट: ज्येष्ठमध रोजच्या चहात टाकायची वस्तू नव्हे. ग्लिसिरायझिनमुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडात जास्त वेळ टिकून राहतं, अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. युरोपातली खाण्यातली मर्यादा दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची आहे. मुळात ते 4 टक्के धरलं तर 3 ग्रॅममध्येच 120 मिलिग्रॅम होतं. त्यामुळे फांट चार-आठ दिवस, ढास थांबेपर्यंत. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर घेऊच नका.

वाशी: आणि जूनआधी कांड्यांना कडक ऊन दाखवून काचेच्या बरणीत भरा. आपल्याकडच्या दमट हवेत भरडीच्या गुठळ्या होतात, बुरशी धरते, टोके (किडे) पडतात. एका वेळी आठवड्यापुरतीच कुटा.