'ब्लॅक ख्रिसमस' (1974): पोलीस पोटमाळा कसा बघत नाहीत?

उलटतपासणी:
स्पॉयलर आहेत. चित्रपट बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा.
बॉब क्लार्कचा हा कॅनेडियन स्लॅशर (एकामागून एक खून करत सुटलेल्या माणसाचा भयपट) डोक्यावर घेणाऱ्यांना एकच प्रश्न. मुलींचं वसतिगृह असलेलं एक घर, तिथे घाणेरडे फोन करणारा एक खुनी. तिथे राहणारी क्लेअर याच घरातून नाहीशी होते. वडील येतात, पोलिसांत तक्रार जाते, रात्री माणसं बागेत शोधत फिरतात. आणि घराचा पोटमाळा? तिथे शोधणाऱ्यांपैकी कुणीच डोकावत नाही. क्लेअर खिडकीशी डोलखुर्चीत, तोंडावर प्लास्टिक गुंडाळलेलं, शेवटपर्यंत तश्शीच. कथेला तसा शेवट हवा म्हणून पोलिसांना बिनडोक करून टाकलंय.

शेवटची_रांग:
असहमत. ढिसाळपणा शेवटी टपकत नाही. वसतिगृहातली बार्ब फोन नंबर म्हणून एक चावट शब्द सांगते आणि सार्जंट नॅश तो निमूट लिहून घेतो, पोलीस कसे आहेत ते तिथेच कळतं. शेवटी तळघरात नायिका जेसच्या हातून तिचा प्रियकर पीटर मरतो, खुनी समजून. पोलिसांना आयताच गुन्हेगार सापडला, मग कोण कशाला वर चढेल?

उलटतपासणी:
आणि क्लेअर? ती तर बेपत्ताच आहे ना अजून!

खरखर:
खुन्याच्या फोनचा पोलीस माग काढतात, ते विसरताय तुम्ही. त्या काळच्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये कॉल शोधायचा म्हणजे जिथे घंटी वाजली त्या लाइनपासून एकेक स्विच उलटं मागे जायचं. कॉल चालू आहे तोवर स्विच अडकून राहतात. फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला की सुटले, माग गेला. म्हणून जेसला ती घाण ऐकत लाइन धरून ठेवावी लागते, आणि तिकडे तंत्रज्ञ रॅकच्या रांगांमधून पळतोय. चाकू-सुऱ्यांपेक्षा मला हाच प्रसंग जास्त भयंकर वाटतो. निघतं काय, तर त्याच घरातली दुसरी लाइन.

उलटतपासणी:
म्हणजे माझीच बाजू मांडलीत! फोन घरातूनच येत होते हे कळल्यावर तरी अख्खं घर पालथं घालायला नको?

खरखर:
हो, तेवढं लंगडं आहे, मान्य. पण पीटरवरचा संशय बघा कसा रचलाय. तो पियानोवाला. कार्ल झिट्ररने पार्श्वसंगीतासाठी पियानोच्या तारांना काटे, कंगवे, सुऱ्या अडकवल्या. त्यामुळे खुनी जवळ असला की मोडका पियानो ऐकू येतो आणि आपलं बोट आपोआप पीटरकडे जातं. पोलीस फसतात तसे आपणही फसतो.

शेवटची_रांग:
आपण पूर्ण फसत नाही, गंमत तीच आहे. कुणीतरी भिंतीवरून पोटमाळ्यात शिरलंय हे सुरुवातीलाच दिसतं. चालताना कॅमेरा न हलू देणारं स्टेडिकॅम तेव्हा आलेलं नव्हतं. कॅमेरा चालवणाऱ्या बर्ट डंकने तो अंगावर बांधला आणि हात मोकळे ठेवून स्वतः वर चढला. खुन्याचे म्हणून दिसणारे हात त्याचेच. शेवटी जेस झोपलेली असताना कॅमेरा पुन्हा वर पोटमाळ्यापर्यंत जातो. पोलिसांनी करायचा तपास कॅमेरा करतो.

उलटतपासणी:
कॅमेऱ्याला पैकीच्या पैकी. पोलीस नापासच. आणि ती श्रेयनामावलीवर वाजत राहणारी फोनची घंटी... कुणीतरी उचला रे तो फोन.