‘गॉड वॉट’मधला ‘वॉट’ आणि संस्कृतातला ‘वेद’

गोदाकाठ (नाशिक):
इथल्या वाचनगटासाठी जुन्या इंग्रजीवर टिपण करतोय. ‘गॉड वॉट’ म्हणजे ‘देव जाणे’. मग ‘वॉट’ला ‘नोज’सारखा शेवटचा ‘स’ का नाही? आणि संस्कृत ‘विद्’ (जाणणे) या धातूशी नातं खरं, की नुसता उच्चार जुळतो?

रविवार कारंजा:
नातं पक्कं आहे, पण आजची रूपं शेजारी ठेवून ते सिद्ध होत नाही. आधी मागे जा. प्राचीन इंग्रजीत ‘वाट’, गॉथिकमध्ये (इंग्रजीच्याच जर्मानिक कुळातली, आता लुप्त भाषा) ‘वाइट’. जर्मानिक ‘आइ’चा प्राचीन इंग्रजीत दीर्घ ‘आ’ झाला, संस्कृतात त्या जागी ‘ए’ येतो. दोघींच्या सामायिक पूर्वज भाषेतल्या ‘द’चा इंग्रजीत ‘ट’: द्वि–टू, दश–टेन. हाच ग्रिमचा नियम (1822). इतर शब्दांतही बदल असाच चालत असेल तरच नातं माना. नाहीतर फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ बघा: अर्थ तोच, उच्चार जवळपास तोच, नातं काडीचं नाही.

सातपूरकर:
‘स’चं उत्तर व्याकरणात आहे. ‘वॉट’चं रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा: पाहिलंय, म्हणून ठाऊक आहे. संस्कृतातही तेच. लिट् लकारात (भूतकाळाचं एक रूप) द्वित्व होऊन, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा येऊन, ‘विवेद’ होतं. इथे द्वित्वाशिवाय ‘वेद’, अर्थ ‘जाणतो’. पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्रच दिलंय, ‘विदो लटो वा’ (3.4.83), म्हणून ‘वेत्ति’ही चालतं आणि ‘वेद’ही. ‘मी’ आणि ‘तो’ दोघांना एकच रूप, इंग्रजीतही तसंच. अनेकवचनात स्वर आखडतो: इकडे ‘विद्म’, तिकडे ‘विटन’. ‘कॅन’, ‘शॅल’, ‘मे’ याच गोतावळ्यातले. ‘ही कॅन’ला आजही ‘स’ लागत नाही. पुढे हे जुनं रूप लोकांना खटकू लागलं असावं, कारण 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये नियमित प्रत्यय जोडून ‘वॉटेथ’ही सापडतं.

गटात उदाहरण द्यायला अथर्वशीर्षाचा शेवट घ्या, सगळ्यांना पाठ असतो: ‘य एवं वेद’. तिथला ‘वेद’ क्रियापद आहे, ग्रंथ नव्हे.

गोदाकाठ:
आभार. भूतकाळ मग ‘विस्ट’ ना? आणि ‘आय विस’?

रविवार कारंजा:
‘विस्ट’ बरोबर. ‘आय विस’ मात्र टिपणात क्रियापद म्हणून घालू नका. मूळ शब्द ‘इविस’, अर्थ ‘नक्कीच’. तो तोडून लिहिला गेला आणि पुढच्यांनी ‘मला ठाऊक आहे’ असा वाचला. धातू अखेर तोच, पण हे रूप गैरसमजातून आलेलं.