पंचविशीतली ढेरी आणि मूत्रपिंड: कालच्या पोस्टला उत्तर

कौलारू (गुहागर):
काल इथे एका सदस्याने लिहिले, "पोरगा अंगाने भरला म्हणून किडनी बिघडत नाही, पंचविशीत लघवी तपासायला लावणे हा लॅबवाल्यांचा धंदा आहे." त्याखाली उमटलेले अंगठे पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात आणि जन्मानंतर त्यांत एकाचीही भर पडत नाही. शरीराचा पसारा वाढला की त्याच गाळण्यांना जास्त रक्त जास्त दाबाने गाळावे लागते, त्या फुगतात आणि काहींच्या बाबतीत पुढे त्यांतून प्रथिन झिरपू लागते. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) मात्र जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत नॉर्मलच दिसू शकते, त्यामुळे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. लघवीतील अल्ब्युमिन (झिरपणारे प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर ते आधी बोलते. माझ्या आतेभावाचे वजन आणि रक्तदाब दोन्ही वर्षानुवर्षे वाढलेले होते, पण तपासले कोणीच नाही. आज चौतिसाव्या वर्षी तो आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी चिपळूणला जातो. हा धंदा म्हणायचा का?

चाकरमानी (डोंबिवली):
पूर्ण सहमत. मात्र मिठाचे काय? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि आपल्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, डबे भरभरून सुकी मासळी साठवतात. रक्तदाब वाढणार नाही तर काय होणार?

रापणवाला (मालवण):
आता मुंबईत बसून मासळीवर घसरलात! बोंबील वलांडीवर (वाळत घालायच्या मांडवावर) उन्हावाऱ्यात सुकतात आणि जवळाही बहुधा नुसत्या उन्हात. त्यांना मीठ कोण लावतो? खारवतात ते बांगडा आणि मुशी, आणि खारा बांगडासुद्धा आमच्या घरी दोन पाण्यांत भिजवल्याशिवाय तव्यावर जात नाही. आजोबा पेजेबरोबर तो खाऊन नव्वदी गाठून गेले.

चाकरमानी:
आजोबा दिवसभर रापणीचे जाळे ओढत होते, नातू मोटारसायकलवरून उतरत नाही, एवढा फरक तरी मान्य कराल की नाही? आणि बाजारात "बिनमिठाचे" म्हणून मिळणारे बोंबील एकदा चाखून पाहा.

रापणवाला:
तुम्ही बाजारातले खाता हा तुमचा दोष आहे, बोंबलाचा नव्हे. पोरांच्या पोटात मीठ जाते ते वेफर, फरसाण आणि पाकिटातल्या नूडल्समधून. त्यावर एक अक्षर नाही, कारण ते तुमच्याच पिशवीतून गणपतीला गावात येते.

खाडीकाठ (दाभोळ):
मासळी राहू द्या. माझ्या भाच्याने आदल्या दिवशी कबड्डीचे तीन सामने खेळून लघवीचा नमुना दिला आणि एका रिपोर्टवर त्याला मूत्रपिंडाचा रुग्ण ठरवले गेले. पुन्हा तपासल्यावर सारे ठीक निघाले, पण मधल्या काळात बहिणीने अन्न सोडले होते. जाड माणसांपैकी बहुतेकांची मूत्रपिंडे आयुष्यभर टिकतात, हेही लिहायला हवे होते.

कौलारू:
लिहायला हवे होते, मान्य. ताप किंवा जोराचा व्यायाम यांनंतर प्रथिन तात्पुरते दिसते, म्हणूनच तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा तपासल्याशिवाय जुनाट आजाराचा शिक्का मारायचा नसतो. तुमच्या भाच्याच्या बाबतीत घाई झाली, पण त्यावरून तपासणीच नको असे ठरत नाही. हा विषय नवाही नाही. २०१७ च्या जागतिक किडनी दिनाचा विषयच लठ्ठपणा होता. प्रथिन झिरपू लागल्यावरही वजन उतरवले तर ते कमी होऊ शकते, आणि ही संधी क्रिएटिनिन चढेपर्यंत वाट पाहणाऱ्याला फारशी उरत नाही. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली असेल, तर रक्तदाब, साखर आणि लघवी एकदा पाहून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. बोंबलावर मी एक शब्दही लिहिलेला नाही, याची रापणवाल्यांनी नोंद घ्यावी.

रापणवाला:
घेतली. धाकट्याची कंबर आत्ताच शिंप्याच्या टेपने मोजली, ९८ भरली, आणि तो माझ्यावरच खेकसला. सोमवारी त्याला लघवी तपासायला नेतो. आपण विद्वान आहात, आपले ऐकावे लागते. बोंबील मात्र यंदाच्या आगोटीलाही भरणार, आणि डोंबिवलीला एकही पाठवणार नाही.