लॅबमधल्या हातावर बीपी बरोबर येतं, वॉर्डात चुकतं. का?

फर्स्टइयर_बीएस्सी
नर्सिंग फाउंडेशनमधली बीपीची प्रोसिजर पाठ आहे. स्किल लॅबमधल्या डमी हातावर रिटर्न डेमोही (शिकवलेलं स्वतः करून दाखवणं) बरोबर जातो. पण मेडिसिन वॉर्डात सिस्टरच्या आणि विद्यार्थ्यांच्या रीडिंगमध्ये वीस-तीसचा फरक पडतो, बहुतेक वेळा आमचं सिस्टोलिक (वरचा आकडा) कमी येतं. कधी आवाजच ऐकू येत नाही. यंत्र ॲनेरॉइड (काट्याच्या डायलचं) आहे, स्टेप्स त्याच आहेत. मग चुकतं कुठे? आणि सलाईनच्या थेंबांचं गणित वहीत सुटतं, बेडजवळ का अडतं?

ट्यूटर_फाउंडेशन
डमी हातावरचा आकडा आधीच सेट केलेला असतो, बहुधा १२०/८० च्या आसपास. त्यामुळे १५० पर्यंत हवा भरून थांबायची सवय लागते. वॉर्डातल्या पेशंटचं सिस्टोलिक १७० असेल, तर १५० वरून हवा सोडायला लागताच आवाज सुरू होतो आणि तुम्ही १४८ लिहिता. वीसचा फरक तिथेच पडला. काही हायपरटेन्शनच्या पेशंटमध्ये आवाज वर सुरू होऊन मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा येतो. त्या गॅपमध्ये सापडलात तर चूक आणखी मोठी.

यावरचा उपाय तुमच्या प्रोसिजरमध्येच आहे, पण लॅबमध्ये सगळे तो गाळतात. आधी स्टेथो न लावता मनगटाची नाडी धरा, ती लागेनाशी होईपर्यंत हवा भरा, आकडा लक्षात ठेवा. हवा पूर्ण सोडा, अर्धा-एक मिनिट थांबा. मग स्टेथो लावून त्या आकड्याच्या ३० वर न्या.

दुसरी चूक व्हॉल्व्हची. हवा सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने उतरली पाहिजे. नाडी ६० असेल तर ठोका सेकंदाला एकच पडतो. काटा सेकंदाला १० ने खाली आला, तर दोन ठोक्यांमध्ये १० मिमी निसटतात: सिस्टोलिक कमी दिसतं, डायस्टोलिक (खालचा आकडा) जास्त. २०० वरून ८० पर्यंत यायला चाळीस सेकंद ते एक मिनिट लागायला हवं. पंधरा सेकंदांत उरकलं असेल तर ते रीडिंग लिहू नका.

वॉर्ड_नं_७
ट्यूटर मॅडमशी सहमत. कफचंही बघा. आतल्या ब्लॅडरची (हवेच्या पिशवीची) रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी, लांबी ८० टक्के. जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी खोटंच जास्त येतं. डमीचा दंड एकाच मापाचा, म्हणून हे तिथे कळत नाही.

आवाज न येण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात. इअरपीस उलटे घातलेले (टोकं पुढे, नाकाच्या दिशेने हवीत), डायफ्रॅम (स्टेथोची चकती) कफखाली कोंबलेला किंवा धमनीवर नेमका नसलेला. कोपराच्या खळग्यात, आतल्या बाजूला बोटाने ब्रेकियल पल्स (दंडातल्या धमनीची नाडी) शोधा आणि तिथेच डायफ्रॅम ठेवा. कफची खालची कड खळग्याच्या दोन-तीन सेंमी वर. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून त्याखाली कफ बांधू नका, ती बाहीच दंड आवळते. हात छातीच्या पातळीला आधारावर ठेवा. तो बेडवरून खाली लोंबत असेल तर आकडा वाढतो.

एक सांगायलाच हवं. ॲनेरॉइडवर खुणा दोन-दोनच्या असतात. चार्टवर १२७ दिसलं की आकडा डोळ्यांनी नव्हे, मनाने घेतला हे सिस्टरला लगेच कळतं.

सलाईन_स्टँड
थेंबांचं सांगतो. सूत्र तेच: मिली गुणिले ड्रॉप फॅक्टर (१ मिलीत पडणारे थेंब), भागिले मिनिटं. बेडजवळ घोळ होतो तो फॅक्टरचा. वहीत तो दिलेला असतो, वॉर्डात सेटच्या पाकिटावर वाचावा लागतो. ५०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) ६ तासांत द्यायचं आहे आणि सेट २० थेंबांचा आहे, तर १०,००० भागिले ३६०, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. तोच मायक्रोड्रिप (बारीक थेंबांचा सेट) असेल तर ६० थेंबांना १ मिली, म्हणजे ८३. मायक्रोमध्ये तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब सारखेच, हे लक्षात ठेवलं की निम्मं गणित वाचतं.

थेंब पूर्ण मिनिटभर मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. पंधरा मिनिटांनी परत मोजा. पेशंटने कोपर वाकवला किंवा उठून बसला की वेग बदलतो. बाटलीवर तासांच्या खुणा चिकटपट्टीवर करा, प्लास्टिकवर थेट मार्करने नको.

थर्डइयर_जीएनएम
हे सगळं खरं, पण प्रोसिजर बुकमध्ये केलेल्या प्रत्येक प्रोसिजरसाठी घ्यायच्या सह्यांचं काय? ठरलेल्या संख्येइतक्या सह्या गोळा करण्याच्या नादात दहा बीपी घाईत होतात, एकही धड होत नाही. सिस्टरला विचारून रोज दोनच पेशंट घ्या. आधी आपण मोजायचं, आकडा कागदावर लिहून झाकायचा, एक-दोन मिनिटांनी त्याच हातावर सिस्टर मोजतील, मग कागद उघडायचा. त्यांचा आकडा आधी ऐकला की आपल्या कानालाही तोच ऐकू येतो.

फर्स्टइयर_बीएस्सी
धन्यवाद. नाडी धरून अंदाज घेण्याची स्टेप खरंच गाळली जात होती. सलाईन चालू असलेल्या हातावर घेतलं तर चालतं का?

वॉर्ड_नं_७
दुसरा हात मोकळा असेल तर नाही. कफ फुगला की सलाईन थांबतं आणि नळीत रक्त उलटं चढतं. डायलिसिसच्या फिस्टुलाचा (डायलिसिससाठी ऑपरेशनने धमनी-शीर जोडलेला) हात तर अजिबात नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हातही टाळा. केसपेपर आधी वाचा, कफ नंतर उचला.